सोलहून डीएमझेडची बसटूर : भुयार दाखवतात, शस्त्रसंधी राहून जाते

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. सोलहून उत्तर कोरियाच्या सीमेपर्यंत, म्हणजे डीएमझेड या निर्लष्करी पट्ट्यापर्यंत, नेऊन आणणारी अर्ध्या दिवसाची बसटूर जरूर करा. पाचपैकी साडेतीन तारे. उरलेला दीड तारा कुठं गेला ते खाली येईलच. कंपनीचं नाव लिहीत नाही. कंपनी कुठलीही घ्या, जागा त्याच, तिकिटाची रांग तीच, फरक फक्त गाइड आणि बसच्या सीटचा. माणशी ५५ हजार वॉनच्या आसपास पडले, म्हणजे आपले साडेतीन हजार रुपये धरून चला.

मी पायदळातला. नोकरीतली बरीच वर्षं राजौरी-पूंछकडच्या चौक्यांवर गेली, सुभेदार म्हणून पेन्शनीत आलो. थोरला सुवॉनला इंजिनिअर आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आम्ही दोघं त्याच्याकडं गेलो तेव्हा त्यानं राजवाडे, बाजार, कॉफीची दुकानं अशी लांबलचक यादी करून ठेवली होती. मी म्हटलं, ते तुम्ही मायलेकरं हिंडा, मला बॉर्डर दाखव. "आबा, जन्मभर बॉर्डरच बघितलीसा की!" म्हणाला, पण बुकिंग केलं बिचाऱ्यानं.

सकाळी अंधारातच निघावं लागतं. सोलमधून बाहेर पडलं की हान नदीच्या काठानं सरळसोट रस्ता लागतो आणि थोड्या वेळात डावीकडं काटेरी कुंपण सुरू होतं. मध्येमध्ये पहाऱ्याच्या चौक्या. बसमधली तरणी पोरं तोवर झोपलेली होती, पण खरी टूर इथूनच सुरू होते. राजधानीच्या इतक्या जवळ कुंपण असणं म्हणजे काय, हे नकाशा बघून कळत नाही.

पुढं मुनसानची पाटी आली. कोरियन युद्धात, २३ मार्च १९५१ ला, याच भागात अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर आपल्या ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सच्या डॉक्टर-जवानांनी उडी घेतली होती. लेफ्टनंट कर्नल रंगराज त्यांचे कमांडर, पुढं महावीरचक्र मिळालं. भारतानं कोरियात लढायला पलटण पाठवली नाही, दवाखाना पाठवला. गाइडबाई मुनसानवरून जाताना मोबाइलवर आदल्या ग्रुपचे फोटो दाखवत होत्या.

पहिला थांबा इमजिनगाक. इथं सगळ्या कंपन्यांच्या बसगाड्या येऊन लागतात आणि पुढच्या भागाची तिकिटं येईल त्याला आधी या हिशेबानं मिळतात. आमची बस लवकर पोचली तरी वेळ मिळाली बरीच उशिराची. हा वेळ वाया जात नाही. गोळ्यांनी चाळण झालेलं एक वाफेचं इंजिन ठेवलंय, हजारावर भोकं आहेत म्हणतात. शेजारी स्वातंत्र्याचा पूल, ज्यावरून १९५३ मध्ये युद्धकैदी परत आले. सेल्फीवाल्यांची गर्दी या दोन ठिकाणी.

मी मात्र मांगबेदान नावाच्या दगडी वेदीपाशी थांबलो. ज्यांचं गाव उत्तरेत राहिलं, ते लोक सणावाराला इथं येऊन उत्तरेकडं तोंड करून पूर्वजांना नमस्कार करतात. त्यांचा चुसोक सण नुकताच होऊन गेला होता. एक म्हातारे गृहस्थ आले, सोबत नातवाच्या वयाचा पोरगा. पिशवीतनं सफरचंदं, वाळकी मासळी आणि दारूची छोटी बाटली काढली, कागदावर नीट मांडली. म्हाताऱ्यानं बूट काढून गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. उठताना पोरानं बगलेत हात घातला. आमच्या मंडळींनी हातच जोडले. पितृपंधरवडा संपून त्यांनाही फार दिवस झाले नव्हते. १९८८ पासून अशा ताटातूट झालेल्या एक लाख तीस हजारांवर लोकांनी सरकारकडं नावं नोंदवली. त्यातले बहुतेक आता हयात नाहीत. २००० ते २०१८ या काळात २१ वेळा समोरासमोर भेटी झाल्या, त्यानंतर बंद.

मग एकीकरणाच्या पुलावर बस थांबते आणि दक्षिण कोरियाचा जवान आत चढतो. पासपोर्ट हातात उघडा धरून बसायचं. पोरगा विशीतला, सक्तीच्या भरतीतला असणार, पण काम चोख : फोटो, तोंड, पुन्हा फोटो. मागच्या सीटवरच्या गॉगलवाल्याला गॉगल काढायला लावला. बरं वाटलं.

या पुलाची गोष्ट गाइडबाईंनी फार झकास सांगितली, त्याचे मार्क पूर्ण. ह्युंदाईचे संस्थापक चुंग जू-युंग मूळचे उत्तरेतले, शेतकऱ्याचा पोर. तरुणपणी बापानं गाय विकून ठेवलेले पैसे उचलून घरातून पळाले आणि सोल गाठलं. १९९८ च्या जूनमध्ये, ऐंशी ओलांडलेले असताना, ट्रकमध्ये ५०० गुरं भरून ते याच पुलावरून, सीमेवरच्या पानमुनजॉममार्गे उत्तरेत गेले. ऑक्टोबरात आणखी ५०१. एका गाईची परतफेड १००१ नी. हिशेबात एक जास्तीचं जनावर का, ते शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. दोन सरकारं जे कागदावर करू शकत नव्हती ते एका व्यापाऱ्यानं जनावरं घालून करून दाखवलं. त्याच वर्षी दक्षिणेतले लोक कुमगांग डोंगराच्या सहलीला उत्तरेत जाऊ लागले, २००० मध्ये दोन्ही नेत्यांची पहिली भेट झाली.

आता भुयार. टूरचा हुकमी एक्का हाच. उत्तरेनं खणलेली चार भुयारं आजवर सापडली, त्यातलं हे तिसरं, १९७८ चं. पळून आलेल्या एकानं माहिती दिली होती. मग दक्षिणेनं ठिकठिकाणी बोअर मारून त्यात पाणी भरून ठेवलं आणि वाट बघितली. एका बोअरमधून पाणी उसळलं आणि जागा कळली. लांबी १,६३५ मीटर, जमिनीखाली सरासरी ७३ मीटर, उंची-रुंदी दोन-दोन मीटर. तासाला ३० हजार सैनिक यातून येऊ शकले असते असं इथं सांगतात. मी मनातल्या मनात हिशेब केला. पूर्ण सामानासह, दोन मीटर रुंदीत, अंधारात? बाहेर पडायच्या तोंडाशी काय होईल? आकडा मला फुगवलेला वाटला, पण अर्धा धरला तरी झोप उडवणारा आहे.

फोन, कॅमेरा लॉकरमध्ये, डोक्यावर हेल्मेट. हेल्मेट काढू नका, माझं किमान चारदा वर आपटलं. उतार तीव्र आणि लांब आहे. उतरताना गंमत वाटते, चढताना गुडघे बोलायला लागतात. आमच्या मंडळी अर्ध्यातनं परत फिरल्या, शहाणपण केलं. आत भिंतीला हात लावला की बोट काळं होतं. उत्तर कोरियानं ही कोळशाची खाण आहे असं म्हणता यावं म्हणून ग्रॅनाइटला काळं फासलं होतं. सुरुंगाची भोकं पिवळ्या रंगानं दाखवलीत, सगळ्यांचा रोख दक्षिणेकडं. पाण्याचा निचरा मात्र उत्तरेकडं, म्हणजे खणणारा कुठून आला ते पाणीच सांगतं. शेवटी काँक्रीटची भिंत, तिला छोटी खिडकी. पलीकडं आणखी भिंती, मग सीमारेषा. पाच मिनिटं उभं राहायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, पण मागून रांग ढकलते.

दोरा टेहळणी मनोऱ्यावर हवा स्वच्छ होती, नशीब. समोर निर्लष्करी पट्टा पसरलेला : रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन किलोमीटर, लांबी सुमारे २५० किलोमीटर. सत्तर वर्षं नांगर नाही की कुऱ्हाड नाही, त्यामुळं रान माजलंय. दोन झेंडे दिसतात. दक्षिणेच्या देसाँगदोंग गावातला खांब शंभर मीटरचा, उत्तरेच्या किजाँगदोंगचा १६० मीटरचा. दुर्बिणीतून केसाँग दिसतं आणि तिथला औद्योगिक परिसरही. २००४ पासून तिथं दक्षिणेच्या शंभरावर कंपन्या आणि उत्तरेचे पन्नास हजारांवर कामगार एका छपराखाली काम करत होते. २०१६ च्या फेब्रुवारीत बंद पडलं. तिथंच दोन्ही देशांचं संपर्क कार्यालय होतं, ते १६ जून २०२० ला उत्तरेनं स्फोटात उडवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जोडरस्तेही उडवले. गाइडबाईंनी हे सगळं मिळून दीड मिनिटात उरकलं. सीमेवरच्या प्रचाराच्या भोंग्यांवर मात्र भरपूर बोलल्या : उत्तरेकडून रात्रभर कोल्हेकुईसारखे आवाज, दक्षिणेकडून गाणी. २०२५ च्या जूनमध्ये नवीन राष्ट्राध्यक्षांनी दक्षिणेचे भोंगे बंद केले, ऑगस्टमध्ये काढून टाकले. आम्ही गेलो तेव्हा शांत होतं, फक्त पर्यटकांचा कलकलाट.

माझी तक्रार इथं सुरू होते. पूर्ण टूरभर उत्तर कोरिया किती लबाड आणि भुयार किती खोल, हे कळतं. पण १९५३ पासून हे प्रकरण पुन्हा पेटलं कसं नाही, रोज सकाळी उठून कोण ते सांभाळतं, याबद्दल चकार शब्द नाही. मी विचारलं. बाईंनी प्रामाणिकपणे "मला एवढं माहीत नाही, सर" म्हटलं. तर मीच सांगतो. २७ जुलै १९५३ ला झाली ती फक्त शस्त्रसंधी. शांतता करार आजतागायत नाही आणि त्या कागदावर दक्षिण कोरियाची सही नाही. पट्ट्याच्या दक्षिणेकडच्या अर्ध्या भागाचा कारभार संयुक्त राष्ट्रांच्या नावानं चालणाऱ्या, अमेरिकन जनरलच्या हाताखालच्या कमांडकडं आहे. पानमुनजॉमला स्वीडन आणि स्वित्झर्लंडचे मोजके अधिकारी अजून देखरेखीला आहेत. आणि उत्तरेच्या लष्कराशी बोलायला एक फोन आहे, गुलाबी रंगाचा. नियंत्रण रेषेवर राहिलेल्या माणसाला त्या फोनचं मोल वेगळं सांगायला नको. २००३ ची आपली युद्धबंदी, २५ फेब्रुवारी २०२१ चं निवेदन, १० मे २०२५ ची दुपार, सगळं भारत-पाकिस्तानच्या दोन डीजीएमओंच्या, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांच्या, फोनवरच आलं. भुयाराला एक तास देता, फोनला दोन मिनिटं द्या की.

दुसरी गोष्ट कोल्हापूरकराला लागणारी. शस्त्रसंधीचं घोडं दीडेक वर्ष अडलं होतं ते कैद्यांवर : ज्यांना मायदेशी परत जायचं नाही त्यांचं काय करायचं? तोडगा निघाला तो भारताला मध्ये घेऊन. पाच तटस्थ देशांचा आयोग, अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांची राखण करायला भारतीय दल. त्याचे कमांडर मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपले कोल्हापूरचे. दलात २ पॅरा (मराठा) पलटणही होती. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतावर इतके खवळलेले की भारतीयांचा पाय आपल्या जमिनीला लागू देणार नाही म्हणाले, तेव्हा आपले जवान इंचॉनच्या बंदरातून हेलिकॉप्टरनं उचलून थेट पट्ट्यात उतरवले. छावणीचं नाव हिंदनगर. ताब्यात २२ हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी, शिवाय दुसऱ्या बाजूचे ३५९. सप्टेंबर १९५३ मध्ये कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून नेलं, तेव्हा थोरातसाहेब हत्याराशिवाय आत गेले. घेराव पडल्यावर, इतका वेळ झाला, पाहुण्याला चहा-सिगारेट विचारायची तुमच्यात पद्धत नाही का, असं म्हणाले अशी गोष्ट आमच्याकडं सांगतात. मेजर सुटला. पुढं एकदोन प्रसंगी गोळीही चालवावी लागली, तेही लपवायचं कारण नाही. दल परतलं तेव्हा कुठल्याच बाजूला जायला तयार नसलेले ८८ कैदी बरोबर घेऊन मद्रासला आलं. ही छावणी होती ती त्या टेहळणी मनोऱ्यावरून दिसणाऱ्या मुलखातच. दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये २०२१ पासून भारत-कोरिया मैत्री उद्यान आहे, तिथं थिमय्यांचा पुतळा आहे. आमच्या बसमध्ये मात्र एक ओळ आली नाही, आणि बसमध्ये भारतीय कमी नव्हते.

जेवण एकीकरण गावात, म्हणजे तोंगिलचोनला. जांगदानचं सोयाबीन इथलं नावाजलेलं, त्याचा ताजा टोफू आणि भात. आमच्या मंडळी माळकरी, त्यांची उत्तम सोय झाली. मला वर लाल तिखट मागून घ्यावं लागलं. सोयाबीनचं आइस्क्रीम चुकवू नका. दुकानात सीमेवरच्या जुन्या काटेरी तारेचे तुकडे चौकटीत बसवून विकतात. ज्यानं तार ओढताना हात फाडून घेतलेत तो ते विकत घेणार नाही.

येताना बस सोलमध्ये जिन्सेंगच्या दुकानापाशी थांबते, ही स्वस्त टूरची खोड आहे, बुकिंगच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. अर्धा तास जातो. पासपोर्टची झेरॉक्स चालत नाही, मूळच लागतो. सोमवारी सगळं बंद. पानमुनजॉमची, दोन्ही बाजूंच्या बोलण्यांची निळी घरं या टूरमध्ये नसतात, जाहिरातीतल्या फोटोला भुलू नका. दोरासान स्टेशनही आमच्या टूरमध्ये नव्हतं. गुडघे धड नसतील तर भुयाराच्या तोंडाशी बाकं आहेत. आणि जिन्सेंगच्या दुकानात जायचं नसेल तर बसमध्येच बसून राहा, कोणी उठवत नाही.