फॅमिलिअर, अक्वेंटेड की यूज्ड टू : कुठे कोणता शब्द घ्यायचा?

'मला हे सॉफ्टवेअर परिचयाचं आहे' हे इंग्रजीत सांगायचं झालं की ओठांवर आधी 'फॅमिलिअर' येतो आणि पुढच्याच शब्दाला गाडी अडते. विथ म्हणायचं की टू? व्याकरणाच्या पुस्तकात दोन्ही बरोबर असल्याने गोंधळ आणखी वाढतो.

यात मराठीचाही थोडा दोष आहे. आपण 'मला परिचित आहे' म्हणतो, त्या 'मला'चं डोक्यात 'टू मी' होतं आणि तो 'टू' सुटून भलत्या जागी जाऊन बसतो. 'आय ॲम फॅमिलिअर टू धिस सॉफ्टवेअर' असं वाक्य तयार होतं. त्याचा अर्थ, ते सॉफ्टवेअर मला ओळखतं! वाक्याची सुरुवात जाणणाऱ्यापासून झाली तर विथ, जाणलेल्या गोष्टीपासून झाली तर टू. 'आय ॲम फॅमिलिअर विथ धिस सॉफ्टवेअर' आणि 'धिस सॉफ्टवेअर इज फॅमिलिअर टू मी'. दोन्हींतून एक निवडायचं असेल तर रोजच्या बोलण्यात विथवालं घ्या, दुसरं किंचित पुस्तकी वाटतं. चेहरा, आवाज, नाव यांच्या बाबतीत मात्र गोष्टच पुढे येते आणि 'टू मी' बहुतेक वेळा गळूनच पडतं. 'यू लुक फॅमिलिअर' म्हणजे 'तुम्हाला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय', आणि 'दॅट नेम साउंड्स फॅमिलिअर' म्हणजे 'नाव ऐकल्यासारखं वाटतंय'. दोन्हींत ओळख पटलेली नाही, नुसती चाहूल आहे.

आता 'नो' आणि फॅमिलिअर. माणसाबद्दल बोलत असाल तर सरळ 'आय नो हिम' म्हणा. आपल्या मित्राबद्दल 'आय ॲम फॅमिलिअर विथ हिम' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, याने त्या माणसाचं नाव आणि काम ऐकलंय, एवढंच. म्हणूनच लेखक, संशोधक, वकील यांच्याबद्दल 'आय ॲम फॅमिलिअर विथ हर वर्क' हे वाक्य चपखल बसतं: काम माहीत आहे, व्यक्तीशी घसट असल्याचा दावा नाही. विषय, पद्धत, नियम यांच्या बाबतीत मात्र फॅमिलिअर 'नो'पेक्षा सरस ठरतो, विशेषतः प्रश्न विचारताना. 'डू यू नो धिस मेथड?' यात परीक्षकाचा सूर येऊ शकतो आणि समोरच्याला होय किंवा नाही असं थेट उत्तर द्यावं लागतं. 'आर यू फॅमिलिअर विथ धिस मेथड?' असं विचारलं की 'थोडीफार' म्हणायला जागा राहते. कमी माहिती असलेल्याला न ओशाळवता विचारण्याची ही सोय माझ्या मते या शब्दाचा सर्वांत मोठा गुण आहे.

'अवेअर ऑफ' त्याच्या एक पायरी खाली. 'आय ॲम अवेअर ऑफ द रूल' म्हणजे असा नियम आहे हे मला ठाऊक आहे. 'फॅमिलिअर विथ द रूल' म्हणजे त्यात काय म्हटलंय तेही ठाऊक आहे. तक्रारीच्या किंवा खुलाशाच्या पत्रात हा फरक महागात पडू शकतो, तेव्हा तिथे शब्द जपून टाका.

'अक्वेंटेड' बोलण्यापेक्षा लिहिण्यात शोभतो. 'वी आर अक्वेंटेड' म्हणजे आमची ओळख आहे, मैत्री असेलच असं नाही. त्याचं नाम 'अक्वेंटन्स' तर आपल्या 'तोंडओळखी'च्या अगदी जवळचं. सूचनापत्रकात 'प्लीज अक्वेंट युअरसेल्फ विथ द रूल्स' ठीक आहे, पण गप्पांमध्ये हा शब्द आला की बोलणाऱ्याने टाय बांधल्यासारखं वाटतं.

खरी गल्लत होते ती 'यूज्ड टू'शी. रात्रपाळी म्हणजे काय असतं ते माहीत आहे, तर 'आय ॲम फॅमिलिअर विथ नाइट शिफ्ट्स'. ती अंगवळणी पडली आहे, आता जड जात नाही, तर 'आय ॲम यूज्ड टू नाइट शिफ्ट्स'. पहिल्यात माहिती आहे, दुसऱ्यात सवय. मुलाखतीत सवय विचारली आणि तुम्ही माहिती सांगितली, तर उत्तर अर्धवट राहतं. यातही एक मेख आहे. 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट' म्हणजे मला रात्री काम करायची सवय आहे. 'आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट' म्हणजे पूर्वी करायचो, आता करत नाही. एक 'ॲम' आणि एक 'इंग' गळाले की अर्थ पार बदलतो. 'अकस्टम्ड टू' याच घरातला, फक्त भारदस्त. त्याच्यावर जास्त वेळ घालवू नका.

नोकरीच्या अर्जात फॅमिलिअर लिहावा का? लिहा, पण तो किती वजन पेलतो ते ओळखून. 'फॅमिलिअर विथ पायथन' वाचणारा असं समजतो की उमेदवाराने ती संगणकाची भाषा हाताळून पाहिलीय, तिच्यावर हुकूमत नाही. कामापुरतं येत असेल तर 'वर्किंग नॉलेज ऑफ', आणि सफाईने येत असेल तर 'प्रोफिशंट इन'. जे उत्तम येतं त्याच्यापुढे फॅमिलिअर लिहिणं म्हणजे स्वतःच्या हाताने आपली किंमत कमी करणं. गंमत अशी, की इंग्रजी बातम्यांत हाच शब्द भलताच वजनदार होतो. 'पीपल फॅमिलिअर विथ द मॅटर' म्हणजे ज्यांना प्रकरणाची आतली माहिती आहे पण नाव द्यायचं नाही असे लोक, आपल्याकडची 'सूत्रं'. तिथे तोंडओळख अजिबात अभिप्रेत नसते.

याचं कारण शब्दाच्या मुळात सापडतं. लॅटिन 'फॅमिलिया' म्हणजे घरातली सगळी माणसं, नोकरचाकर धरून. त्यावरून आलेला शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत शिरला तो घरच्यासारखा, जवळचा हा अर्थ घेऊनच. चेटकिणीच्या दिमतीला असणाऱ्या, बहुधा मांजराचं रूप घेतलेल्या भुताला इंग्रजीत 'फॅमिलिअर' म्हणतात, तेही याच जवळिकीतून. आणि जवळीक आली की सलगीही आलीच. 'ही वॉज टू फॅमिलिअर विथ द क्लाएंट' यात (इथला 'टू' म्हणजे 'अति') कौतुक नाही, तक्रार आहे: नको तितकी लगट केली. या जागी नुसत्या 'माहीत असणं'वाल्या अर्थाने वाक्य वाचलं तर ठपका लक्षातच येत नाही. 'फॅमिलिअरिटी ब्रीड्स कन्टेम्प्ट' या म्हणीला 'अतिपरिचयात् अवज्ञा' तर शब्दाला शब्द जुळते. घनिष्ठ परिचय दाखवायचा म्हणून माणसाबद्दल 'इंटिमेट विथ' मात्र चुकूनही लिहू नका. त्यातून शारीरिक संबंध सूचित होतात. 'क्लोज टू' पुरे.

उच्चारात 'फॅमिली' मध्ये येऊन घोटाळा करते. 'फॅमिली'त जोर पहिल्या अक्षरावर, तर 'फॅमिलिअर'मध्ये तो दुसऱ्यावर, 'मि'वर जातो आणि पहिला 'फॅ' आखडून जवळजवळ 'फ' होतो: 'फमिल्यर'. मराठीत लिहिताना फॅमिलिअर चालू द्या, इंग्रजी बोलताना मात्र 'मि'वर जोर द्या.