होस्ट्स फाईल का छोटा डीएनएस? ७ मशीनच्या ऑफिसातला अनुभव

बडोद्यात दांडिया बाजारात आमचं हिशेबाचं ऑफिस आहे, ७ कॉम्प्युटर, त्यातल्या एकावर सगळ्यांचा डेटा, त्या मशीनचं नाव आम्ही मुनीम ठेवलंय, म्हणजे पूर्ण नाव मुनीम.इंटर्नल. आधी प्रत्येक मशीनच्या होस्ट्स फाईलमधे, म्हणजे कोणत्या नावाचा आयपी पत्ता कोणता हे लिहायच्या साध्या फाईलमधे, हे नाव लिहिलेलं होतं, मग ७-८ महिने रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं पाय म्हणतो) डीएनएसमास्क चालवलं, म्हणजे नाव विचारलं की पत्ता सांगणारा छोटा डीएनएस सर्व्हर, आणि आता परत होस्ट्स फाईलवर आलोय. ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय.

डीएनएसमास्क चांगलंच आहे, त्यात वाद नाही. नाव एकदा, एकाच जागी लिहायचं, आणि मोबाईललापण ते कळतं. मोबाईलची होस्ट्स फाईल रूट केल्याशिवाय (म्हणजे फोनचा पूर्ण ताबा घेतल्याशिवाय) बदलता येत नाही, त्यामुळे हा फायदा मोठा आहे. शिवाय ते स्वतःच्या मशीनची होस्ट्स फाईलच वाचतं, म्हणजे जुन्या ओळी तशाच्या तशा चालल्या. एका डोमेनखालची सगळी नावं एका ओळीत एकाच पत्त्यावर पाठवायची असतील तर तेही जमतं, होस्ट्समधे ते होत नाही, तिथे प्रत्येक नाव वेगळं लिहावं लागतं.

पण मला नडला तो दुसरा डीएनएस. पाय बंद पडला तर नेट जाऊ नये म्हणून राऊटरमधे पहिला डीएनएस पायचा आणि दुसरा गूगलचा ८.८.८.८ असा टाकला होता, मला वाटायचं की पहिला मेला तरच दुसऱ्याला विचारतील. तसं नसतं हो! पहिल्याकडून उत्तराला जरा उशीर झाला की विंडोज दुसऱ्याला विचारतं, त्या बिचाऱ्याला मुनीम कोण हे काय माहीत, तो म्हणतो असं नाव नाही, आणि हे खरं उत्तर धरलं जातं, परत पायला कोणी विचारत नाही, वर ते ‘नाही’ थोडा वेळ मशीनच्या कॅशमधे, म्हणजे तात्पुरत्या आठवणीत राहतं. दिवसातनं एकदा तरी कोणीतरी ओरडायचं, मुनीम दिसत नाहीये, मी जाऊन बघेपर्यंत दिसायला लागलेला असायचा. दुसरा डीएनएस काढला तर दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी पायचा चार्जर काढला आणि अख्ख्या ऑफिसचं नेट गेलं, तेसुद्धा २० तारखेला, जीएसटीचं ३बी रिटर्न भरायच्या दिवशी. दोन रास्पबेरी पाय ठेवणं हा बरोबर उपाय आहे, मोठं ऑफिस असेल तर तोच करा, पण ७ मशीनसाठी दोन डब्बे सांभाळायचे हे माझ्या मनाला पटलं नाही.

होस्ट्समधेही त्रास आहेच. नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून न उघडल्यामुळे सेव्ह न होणं, नाहीतर मागे .टीएक्सटी चिकटणं, हे सगळ्यांचं होतं. लॅपटॉप घरी नेला तर तिथेही मुनीमचा तोच पत्ता धरला जातो, आणि तिथे तो पत्ता भलत्याच कोणाचा असू शकतो. आणि मशीन वाढली की हे झेपत नाही, इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेट नेटवर्कमधे तेच झालं होतं, सगळ्यांची नावं एका होस्ट्स.टीएक्सटीमधे, ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधनं सगळे उतरवून घ्यायचे, शेवटी १९८३ मधे पॉल मोकापेट्रिसनी डीएनएस आणलं.

पण आमच्याकडे नाव बदलतं वर्षातनं एखाद वेळा. राऊटरमधे मुनीमचा पत्ता त्याच्या मॅक अ‍ॅड्रेसवर (नेटवर्क कार्डाच्या नंबरवर) बांधून ठेवलाय, म्हणजे तो बदलत नाही, फाईलची एक प्रत पेन ड्राइव्हवर आहे, ७ मशीनवर टाकायला अर्धा तास लागतो, आणि त्यानंतर नाव शोधायला कोणाला विचारावंच लागत नाही, नेट असो नसो.

तुमच्याकडे मोबाईलवरनं सर्व्हर उघडायचा असेल किंवा १५-२० मशीन असतील तर माझं ऐकू नका, डीएनएसमास्कच घ्या. काहीही घेतलंत तरी नावाच्या शेवटी .लोकल लावू नका, ते एमडीएनएससाठी (सर्व्हरशिवाय मशीननी एकमेकांनाच नाव विचारायची पद्धत) राखीव आहे आणि तिथे वेगळाच गोंधळ होतो, .इंटर्नल किंवा .होम.आर्पा लावा.