विमानभाड्याचा अलर्ट लावून ऑक्टोबरची परदेश सहल: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारीत पहिला अलर्ट लावला, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सहल करून आलो आणि हे लिहितोय तेव्हा नोव्हेंबर अर्धा सरलाय. भाड्यांची तुलना करणाऱ्या साइटवर आपला मार्ग आणि तारखा टाकून ठेवायच्या, भाडं वरखाली झालं की मेल येतो, एवढीच ही सोय. आता ती जवळपास सगळ्याच साइटवर असते, म्हणून अमुक एका साइटबद्दल न लिहिता या सोयीबद्दलच लिहितो. आम्ही चौघं होतो: आई, ताई, भावोजी आणि मी. जायचं होतं ग्रीसच्या क्रीट बेटावर. तारखा मोकळ्या ठेवल्या होत्या, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा यात जे परवडेल ते.

पैसे वाचले, हे आधीच सांगून टाकतो. ऑगस्टच्या प्रवासाला त्याच मार्गाचं जे भाडं दिसत होतं त्याच्या दोन तृतीयांशात आमची तिकिटं झाली. पण त्यात अलर्टचा वाटा किती आणि ऑक्टोबरचा किती असं विचाराल तर बराचसा ऑक्टोबरचाच. ऑगस्टच्या तारखांना कितीही अलर्ट लावले असते तरी एवढं भाडं उतरलं नसतं.

सुरुवातीचे दोन महिने मी प्रत्येक मेल उघडून बघायचो. दोन टक्के वर, तीन टक्के खाली. त्यातून डोकं फक्त तापतं. उपयोगी पडला तो तारखांचा तक्ता, म्हणजे आडवी जायची तारीख, उभी परतीची आणि प्रत्येक चौकोनात भाडं. तो समोर ठेवला की एक गोष्ट लगेच दिसते, ऑक्टोबरचे सगळे आठवडे सारखे नाहीत. पहिले दोन आठवडे शांत, मग मध्यापासून पुढे आकडे फुगतात. काही दिवस मी हे नुसतं बघत होतो. मग लक्षात आलं की युरोपातल्या शाळांच्या सुट्ट्या आड येतात. ब्रिटनमध्ये बहुधा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात शाळा बंद असतात, फ्रान्समध्ये महिन्याच्या उत्तरार्धात दोन आठवडे आणि जर्मनीत राज्यागणिक वेगवेगळ्या तारखांना. ती सगळी कुटुंबं उरलंसुरलं ऊन गाठायला भूमध्य समुद्राकडे धावतात. तक्त्यात हे कुठेही लिहिलेलं नसतं.

इथेच माझी मुख्य तक्रार. अलर्ट स्वस्त काय ते सांगतो, स्वस्त का ते सांगत नाही.

जूनमध्ये मेल आला की नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याचं भाडं एकदम पडलंय. तोवरचा सगळ्यात खालचा आकडा. ताई म्हणाली, "घेऊन टाक, पुन्हा नाही मिळणार." मीही कार्ड काढून बसलो होतो. नशिबानं त्या रात्री साइट अडकली आणि सकाळी जरा शांतपणे बघितलं. मेख अशी होती: विमान कंपन्यांचं उन्हाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी संपतं. बेटांवर जाणारी बरीच हंगामी विमानं त्याच सुमारास बंद होतात. भाडं पडलं होतं खरं, पण आता मध्ये अथेन्सला नऊ तासांचा थांबा आला होता. त्याच रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. क्रीटमध्ये १० ऑक्टोबरला सूर्य संध्याकाळी पावणेसातनंतर मावळतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेपाचच्या आधीच. शिवाय आम्हाला जी समारिया दरी बघायची होती ती साधारण १ मे ते ऑक्टोबरअखेर एवढीच उघडी असते. किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं त्याच सुमारास शटर ओढतात, बोटींच्या फेऱ्या रोडावतात. म्हणजे तिकीट स्वस्त, आणि तिथे पोचल्यावर करायचं काय, तर बंद दारं बघायची.

तेव्हापासून नियम केला. भाडं पडल्याचा मेल आला की आधी कारण शोधायचं, मग कार्ड. कारण नेहमीच वाईट असतं असं नाही. सप्टेंबरमध्ये कॅरिबियन बेटं स्वस्त असतात कारण अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर चालतो आणि साधारण १० सप्टेंबरच्या आसपास ऐन भरात असतो. पण त्यातलीच अरुबा, बोनेर आणि कुरसाव ही बेटं पार दक्षिणेला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ आहेत आणि वादळांच्या नेहमीच्या वाटेत येत नाहीत. एका मित्राला मी हे सुचवलं, तो कुरसावला जाऊन आला, आता तिथले फोटो पाठवून पाठवून छळतोय.

आता सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट. ही माझ्या स्वतःच्या चुकीतून कळली. अलर्ट लावताना प्रवाशांची संख्या एक अशीच राहून गेली होती. जूनअखेर मनासारखं भाडं दिसलं, मी चौघांची नावं भरायला घेतली आणि माणशी भाडं जवळपास पंधरा टक्क्यांनी चढलं. आधी वाटलं, साइट फसवतेय. तसं नव्हतं. एकाच विमानातल्या साध्या वर्गाच्या जागाही कंपनी वेगवेगळ्या भाड्यांच्या गटांत विभागते. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चार मागितल्यात, तर बहुतेक यंत्रणा चारही जागा जिथे एकत्र मिळतील त्या वरच्या गटाचं भाडं चौघांना लावतात. मी संख्या एकेक कमी करत गेलो. तिघांना तेच चढं भाडं, दोघांना मात्र मूळ आकडा. मग आई आणि मी एका बुकिंगमध्ये स्वस्तात, ताई-भावोजी दुसऱ्या बुकिंगमध्ये वरच्या भाड्यात. हिशेब चौघांत वाटून घेतला.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. दोन बुकिंगं म्हणजे दोन स्वतंत्र गट. वेळ बदलली किंवा विमान चुकलं तर कंपनी एका गटाला एका विमानात आणि दुसऱ्याला दुसऱ्या विमानात बसवू शकते. लहान मुलं बरोबर असतील तर हा उद्योग करू नका.

आणि वेळ बदललीच. पहिली दोन तिकिटं मी थोड्या पैशांसाठी एका मध्यस्थ साइटवरून घेतली होती, दुसरी दोन थेट विमान कंपनीकडून. ऑगस्टमध्ये कंपनीनं परतीचं विमान सुमारे तीन तास अलीकडे ओढलं. ताईला त्याच दिवशी मेल आला. मला मध्यस्थाकडून अकरा दिवसांनी, तोही "कृपया मान्य करा" एवढंच बटण असलेला. युरोपातून सुटणाऱ्या विमानांना २००४ चा २६१ क्रमांकाचा युरोपीय नियम लागू होतो. सुटण्याची वेळ एक तासाहून जास्त अलीकडे आणली तर ते विमान रद्द झाल्यासारखंच धरलं जातं आणि पैसे परत किंवा दुसरं विमान यातलं एक निवडता येतं. २५० ते ६०० युरोंची भरपाई मात्र साधारणपणे १४ दिवसांपेक्षा कमी मुदतीत कळवलं तरच. आम्हाला भरपाई नको होती, फक्त सगळ्यांना एकाच विमानात परतायचं होतं. थेट घेतलेल्या तिकिटांचं काम दहा मिनिटांत झालं. मध्यस्थाकडच्या दोन तिकिटांसाठी चार दिवस फोन. वाचलेल्या पैशांपेक्षा माझा वेळ महाग पडला. आता अलर्ट कुठलाही असो, तिकीट कंपनीच्या साइटवरच.

अंगावर येणारी आणखी एक गोष्ट: स्वस्त भाडं म्हणून जे दिसतं त्यात कधी कधी दोन वेगळ्या कंपन्यांची दोन सुटी तिकिटं जोडलेली असतात. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं तर दुसरी कंपनी हात वर करते. सामानही मध्ये उतरून परत द्यावं लागतं. शोधातून असे पर्याय काढून टाकायची सोय बहुतेक ठिकाणी असते, ती पहिल्या दिवशीच वापरा.

हॉटेलच्या बाबतीत अलर्टची गरजच पडली नाही. मार्चमध्ये विनाशुल्क रद्द करता येणारी खोली धरून ठेवली आणि महिन्यातून एकदा तीच तारीख पुन्हा बघत राहिलो. सप्टेंबरमध्ये तीच खोली बरीच उतरली होती. नवी धरली, जुनी सोडली. रद्द करायची मुदत हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार मोजतात, एवढं ध्यानात ठेवा.

प्रत्यक्ष सहल म्हणाल तर समुद्राचं पाणी पोहण्याजोगं होतं, गर्दी बेताची. पण शरद ऋतू आपला हात दाखवतोच. ज्या दिवशी समारिया दरी उतरायची होती त्या दिवशी पावसाच्या इशाऱ्यामुळे ती बंद ठेवली. वरून खाली सोळा किलोमीटरची ती वाट आईला जमणार नव्हतीच, आणि आता आमचीही हुकली. आम्ही एक दिवस हातचा राखला होता तो कामी आला. दोन दिवसांनी खोरा स्फाकियाहून बोटीनं आयिया रुमेलीला गेलो. या गावाला रस्ताच नाही, बोटीनं या किंवा दरीतून चालत या. तिथून उलट दिशेनं, खालून वर, चार-पाच किलोमीटर चाललो की दरीचं सगळ्यात अरुंद तोंड लागतं. दोन्हीकडे तीनशे मीटर उंच कडे आणि मध्ये जेमतेम तीन-चार मीटर वाट. आई मधोमध उभी राहिली, दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, "अजून दोन माणसं मावतील, या." गडबड अशी झाली की आम्ही दोघं आत शिरलो आणि फोटो काढायला कोणीच उरलं नाही. ताई पार मागे, बुटातला खडा काढत बसली होती.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा तक्त्याला, बाकीचे सोयीला. कापलेला दीड तारा, कारण न सांगता मोहात पाडल्याबद्दल.

एक राहिलंच: तिकीट काढलं त्या दिवशी अलर्ट बंद करा. ताईनं केला नाही. जुलैत भाडं आणखी थोडं उतरलं, तर तो मेल तिनं मला कुठलाही मजकूर न लिहिता नुसता पुढे पाठवला. तीन वेळा.

पुढच्या वर्षीसाठी क्योतोचा अलर्ट लावलाय. तिथे पानं लाल होतात ती साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, त्यात २३ नोव्हेंबरची सार्वजनिक सुट्टी, त्यामुळे त्या आठवड्याची हॉटेलं हाताला लागत नाहीत. मी डिसेंबरचा पहिला आठवडा टाकलाय, पानं गळत आलेली असतील पण काही झाडांवर टिकून असतात म्हणे. प्रवासी संख्या या वेळी दोन. अजून आकडा हललेला नाही.