सुईयाकचं होमस्टे: आमचं पोहणं रद्द करणाऱ्या काकूंना पाचपैकी पाच

जुलैत आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको आणि दोन मुलं, मॉरिशसच्या दक्षिण टोकाला सुईयाकमध्ये चार रात्री राहिलो. खोल्या स्वच्छ, नाश्ता भरपेट, गरम पाणी यायला जरा वेळ लागतो. पण मी लिहायला बसलोय ते दुसऱ्या दिवसाच्या सकाळसाठी.

मी मालवणचा. आमच्या घरात दोन पिढ्यांनी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं, ओढली. समुद्र बिघडणार असेल तर वारा उठतो, आभाळ भरतं, हे लहानपणापासून पाहिलेलं. त्या सकाळी आभाळ निरभ्र होतं, पानसुद्धा हलत नव्हतं. मुलं टॉवेल घेऊन तयार. तेवढ्यात मालकीणबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "आज नाय जायचं. लामेर मोवे." क्रिओलमध्ये म्हणजे समुद्र वाईट आहे. त्यांचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर आलेले, त्यामुळे मोडकी का होईना, मराठी बोलतात. मुलं त्यांना लगेच काकू म्हणायला लागली.

इथल्या हवामान खात्याने मोठ्या लाटांचा इशारा दिला होता. काकू तो रोज सकाळी बघतात आणि फळ्यावर लिहितात. फळा फ्रेंचमध्ये असतो, तेवढं इंग्रजीतही लिहावं. मला पटेना, म्हणून त्या आम्हाला इथल्या ग्री-ग्री किनाऱ्याला घेऊन गेल्या, पण कड्यावरच्या गवतापर्यंतच. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत लाटा अडवते, ग्री-ग्रीला ती नाही. खुला समुद्र थेट किनाऱ्यावर येतो.

पहिली दहा मिनिटं साध्या लाटा. काकू उगाच घाबरतात, असं मला मनापासून वाटलं. मग एकामागून एक पाच-सहा लाटा आल्या आणि खालची सगळी वाळू पाण्याखाली गेली. माझी मुलं जिथे उभी राहिली असती तिथे कड्याच्या पायथ्यापर्यंत फेस. परत सगळं शांत. बायकोने धाकट्याचा दंड धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

या लाटा इथल्या वाऱ्याच्या नसतातच. पार दक्षिणेला, बर्फाळ समुद्राकडे वादळ होतं आणि त्याची लाट हजारो किलोमीटर चालत काही दिवसांनी इथे पोचते. आपल्याकडे पावसाळा, तेव्हा त्यांचा हिवाळा. तोच या लाटांचा काळ. मे २००७ मध्ये अशाच लाटांनी शेजारच्या रियुनियन बेटाला झोडपलं आणि त्यानंतर काही दिवसांत मालदीवच्या बेटांवर पाणी शिरलं.

त्याच दिवशी दुसरीकडच्या एका बोटवाल्याने मला फोनवर सांगितलं होतं, "लगूनमध्ये काही होत नाही, या." लगून म्हणजे प्रवाळाची भिंत आणि किनारा यांच्यामधलं उथळ पाणी. काकूंनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. लाटा भिंतीवरून लगूनमध्ये पाणी ओततात. ते पाणी बाहेर पडतं भिंतीतल्या खिंडीतून, आणि तिथली ओढ माणसाला घेऊन जाते. सापडलात तर किनाऱ्याकडे हात मारत दमू नका. तरंगत राहा, मदतीसाठी हात वर करा, ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला या. मोठीने ते चित्र वहीत चिकटवलंय.

त्यांच्या भाच्याची बोटफेरीही रद्द झाली, पैसे न मागता परत मिळाले. चौथ्या दिवशी इशारा मागे घेतल्यावर त्यांनी आम्हाला उत्तरेला माँ-श्वाझीला पाठवलं. तिथे मुलं दुपारभर पोहली.

मुलांना घेऊन जाणार असाल तर वरच्या मजल्यावरची मागची खोली मागा. तिथून लांबवर समुद्र दिसतो. काकू सकाळी चहा घेऊन तिथेच येतात आणि कप हातात ठेवून आधी पंधरा मिनिटं लाटा मोजतात.