सीबीनॅट घ्यावं की ट्रूनॅट? टीबीच्या तपासणीसाठी मशीन निवडताना

सुरगाणा किंवा पेठसारख्या ठिकाणी लॅब असेल तर आधी विजेचा विचार करा. सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही दोन्ही यंत्रं बेडक्यातल्या टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधतात. सीबीनॅटच्या (म्हणजे जीनएक्स्पर्टच्या) खोलीचं तापमान 30 अंशांवर जाऊन चालत नाही. म्हणजे एसी आणि यूपीएस आलेच. तपासणी चालू असताना वीज गेली की आतलं कार्ट्रिज (नमुना घालायची एकदाच वापरायची डबी) वाया जातं. कार्ट्रिजचा साठाही 28 अंशांच्या आत ठेवावा लागतो, आणि मालेगावचा मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे. गोव्यात बनणारं ट्रूनॅट बॅटरीवर चालतं, एसी मागत नाही. एवढ्यावरूनच दुर्गम तालुक्यासाठी आम्ही ट्रूनॅट सुचवू.

पण ट्रूनॅटला सरावलेला हात हवा. अर्धा मिली बेडका पातळ करून ट्रूप्रेपमध्ये (डीएनए वेगळा करणाऱ्या जोडयंत्रात) घातला की सुमारे 20 मिनिटांत डीएनए मिळतो. एका वेळी एकच नमुना. त्यातले 6 मायक्रोलिटर कोरड्या रिएजंटच्या नळीत टाकून अर्धा ते एक मिनिट थांबायचं, मग तेवढंच तपासणीच्या चिपच्या खळग्यात सोडायचं. इथेच घोळ होतो. पिपेटचं बटण शेवटपर्यंत दाबलं की बुडबुडा येतो आणि चिप बाद. शिवाय टीबी निघाला तर रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध जंतूंवर चालेल का हे पाहायला दुसरी चिप, आणखी तासभर. उरलेला डीएनए फेकलात तर पुन्हा पहिल्यापासून.

सीबीनॅटचं हातकाम थोडं. बेडक्याच्या दुप्पट रिएजंट, 10 ते 20 वेळा जोरात हलवणं, 10 मिनिटं थांबून पुन्हा हलवणं, आणखी 5 मिनिटं, मग 2 मिली कार्ट्रिजमध्ये. रिफॅम्पिसिनचा निकालही त्यातच येतो. अल्ट्रा या जास्त संवेदनशील कार्ट्रिजवर दीड तासाच्या आत. नमुन्यात तार सुटत असेल तर घाई करू नका. घट्ट नमुना आत अडकला की एरर 2008 ठरलेला. चार मोड्यूलच्या (एका वेळी चार कार्ट्रिज बसणाऱ्या) मशीनवर दिवसाला 16 तरी तपासण्या होतात, म्हणून नाशिक शहरातल्या गर्दीच्या लॅबला हेच सोयीचं.

अल्ट्रा एका मिलीत 16 च्या आसपास जिवंत जंतू असले तरी पकडतं. त्यामुळे ‘ट्रेस’ म्हणजे अगदी पुसट पॉझिटिव्ह निकालाची तयारी ठेवा. त्यात रिफॅम्पिसिनबद्दल काहीच कळत नाही. लहान मूल किंवा एचआयव्हीचा रुग्ण असेल तर ट्रेस म्हणजे टीबीच धरायचा. पूर्वी टीबी होऊन गेलेल्या मोठ्या माणसात मात्र ते मेलेल्या जंतूंचे अवशेष असू शकतात. तिथे छातीचा एक्स-रे आणि कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) पाहिल्याशिवाय औषधं सुरू करू नयेत.

आयसोनियाझिड या टीबीच्या दुसऱ्या औषधाचा प्रतिकार या दोन्ही नेहमीच्या तपासण्यांत दिसत नाही. त्यासाठी एलपीए (लाइन प्रोब असे) ही वेगळी तपासणी आहे. पण तिला वेगवेगळ्या खोल्या आणि दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा छोट्या लॅबने नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवावा. सीबीनॅटचं एक्सडीआर कार्ट्रिज हाही पर्याय आहे, फक्त जुन्या सहारंगी (सहा रंग ओळखणाऱ्या) मोड्यूलवर ते चालत नाही. खरेदीआधी मोड्यूल दहारंगी आहे का, हे विचारा.

मशीन कुठलंही असो, डबीत लाळ आली तर निकालाला अर्थ नाही. सकाळी चूळ भरून, खोल श्वास घेऊन खोकून काढलेला 2 ते 5 मिली बेडका मागा. उपचार लागू पडतोय का हे पाहायला मात्र यांतलं काहीच वापरू नका. मेलेल्या जंतूंचा डीएनएही पॉझिटिव्ह दाखवतो. तिथे सूक्ष्मदर्शक आणि कल्चरच लागतं.