जीपचं 4.0 इंजिन: स्वस्तातला स्ट्रोकर, महागातला स्ट्रोकर, की नुसते गिअर?

अमेरिकेत जुनी चेरोकी किंवा रँग्लर बाळगणाऱ्याला 33 इंची टायर चढवले की गाडी चढावर दमलेली वाटायला लागते, आणि मग स्ट्रोकरचा, म्हणजे पिस्टनची धाव वाढवून मोठं केलेल्या इंजिनाचा, विषय निघतो. कारण सरळ आहे. 1987 ते 2006 दरम्यान बनलेल्या सहा सिलिंडरच्या 4.0 इंजिनात त्याच घराण्यातल्या जुन्या 4.2 इंजिनाचा क्रँक (पिस्टनची वरखाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) बसतो. मेन आणि रॉडचे जर्नल, म्हणजे क्रँक ब्लॉकमध्ये टेकतो ते आणि पिस्टनचे रॉड बसतात ते भाग, एकाच मापाचे आहेत. 4.0 चा बोअर (सिलिंडरचा व्यास) 98.4 मि.मी. आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 86.7, 4.2 च्या क्रँकचा स्ट्रोक 98.9. बोअर 0.75 मि.मी.नं वाढवून हा क्रँक घातला की 4.6 लिटर होतात.

आता खर्च करण्याआधीचा हिशेब. 4.6 लिटर म्हणजे साधारण 16 टक्के जास्त आकारमान, आणि टॉर्कही ढोबळमानानं तेवढाच वाढतो. याउलट 3.55 चे एक्सल गिअर काढून 4.56 चे बसवले, तर चाकावर पोचणारा जोर 28 टक्क्यांनी वाढतो, तोही इंजिनाला हात न लावता. म्हणून आधी सिलिंडरमधला कॉम्प्रेशनचा दाब तपासा. सहाही सिलिंडर 120 ते 150 पीएसआयच्या आत असतील, त्यांच्यात 30 पेक्षा जास्त फरक नसेल आणि गाडी तेल खात नसेल, तर ते इंजिन उघडूच नका. पैसे गिअरवर घाला. हे काम पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलवर करावं लागतं. पुढच्या डाना 30 एक्सलमध्ये 3.55 वरून 4.56 ला जाताना कॅरियरही (मोठा गिअर ज्यावर बसतो तो भाग) बदलावा लागतो. शिम (पातळ चकत्या) आणि बॅकलॅशचं (दातांमधल्या मोकळिकीचं) सेटिंग ज्याच्या हातात बसलंय अशाकडूनच काम करून घ्या, नाहीतर गिअर महिन्याभरात रडायला लागतात. हायवेवर आरपीएम चढे राहतील, ती किंमत मोजावी लागते.

पण इंजिन तसंही उघडायचंच आहे, बोअर झिजलाय, लेदवर जाणारच आहे, तर गणित बदलतं. बोअरिंग, होनिंग, पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट हा खर्च साध्या दुरुस्तीत आणि स्ट्रोकरमध्ये, दोन्हीकडे आहेच. स्ट्रोकरसाठी वरचा खर्च भंगारातल्या 4.2 चा आणि थोड्या जास्तीच्या मशीनकामाचा. मग दोन रस्ते उरतात.

पहिल्यात 4.2 चा क्रँक, त्याच इंजिनातून निघालेले 149.2 मि.मी.चे रॉड आणि 4.0 चे साधे कास्ट ओव्हरसाइज पिस्टन. पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचं माप जुळतं, त्यामुळे जोडणी थेट होते. (पिन प्रेस-फिट असते. रॉडचं छोटं टोक तापवून बसवायची, हातोडीनं ठोकायची नाही.) दुसऱ्यात क्रँक तोच, पण रॉड 4.0 चेच, 155.6 मि.मी.चे. हे रॉड लांब असल्यामुळे साधा पिस्टन ब्लॉकच्या वर पाच मि.मी.हून जास्त डोकावेल. म्हणून पिनपासून माथ्यापर्यंत 35 मि.मी. किंवा त्याहून कमी उंचीचे खास पिस्टन लागतात. साध्याची उंची 40.7 असते.

लांब रॉडचं कौतुक खूप ऐकायला मिळतं. रॉड-स्ट्रोक गुणोत्तर पहिल्यात 1.51, दुसऱ्यात 1.57, मूळ इंजिनात 1.79. पिस्टनच्या स्कर्टवरचा बाजूचा दाब थोडा कमी होतो, एवढंच. दगडांवरून 1,500 आरपीएमला चढणाऱ्या गाडीत हा फरक जाणवणार नाही. खास पिस्टनचे पैसे मोजायचं खरं कारण वेगळं आहे: ते म्हणजे नॉकिंग, मिश्रण आपोआप पेटून होणारी टकटक.

ब्लॉकची उंची, क्रँकच्या मध्यापासून माथ्यापर्यंत, सुमारे 240.1 मि.मी. पहिल्या रस्त्यात स्ट्रोकचा अर्धा 49.5, रॉड 149.2 आणि पिस्टन 40.7 मिळून 239.4 होतात. म्हणजे पिस्टन ब्लॉकच्या माथ्याखाली 0.7 मि.मी. थांबतो. त्यावर 1.3 ची गॅस्केट धरली तर पिस्टनचा सपाट भाग आणि हेडचा सपाट भाग यांत 2 मि.मी. अंतर राहतं. हवं असतं 1 ते 1.3. अंतर नेमकं असलं की तिथलं मिश्रण दाबून प्लगकडे फेकलं जातं. जास्त असलं की ते कोपऱ्यात पडून राहतं आणि शेवटी आपोआप पेटतं. मग चढावर इंजिन टकटक करतं, आणि लोक कॉम्प्रेशन उतरवायला अजून जाड गॅस्केट घालतात. त्यानं अंतर आणखी वाढतं आणि टकटकही.

कॉम्प्रेशन रेशोचा (गुणोत्तराचा) हिशेब उदाहरण घेऊन बघू. हेडचा चेंबर 57 सीसी, पिस्टनची डिश (माथ्यावरचा खोलगट भाग) 17.5, गॅस्केट 10, वरची फट 5.5, एकूण 90. एका सिलिंडरचं आकारमान 764. तर (764 + 90) ÷ 90, म्हणजे 9.5. यात अंतर सुधारायला ब्लॉकचा माथा 0.5 मि.मी. उतरवला की गुणोत्तर 9.8 च्या पुढे जातं. 87 ऑक्टेनच्या साध्या पेट्रोलवर चालवायचं तर 9.3 च्या आसपास थांबावं, आणि त्यासाठी डिश सहा सीसीच्या आसपास मोठी करावी लागते. कास्ट पिस्टनचा माथा किती जाड आहे ते मोजल्याशिवाय त्यात कटर घालू नका. स्वतःचे आकडे ब्युरेटनं काढा: चेंबरच्या तोंडाला ग्रीस लावून भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी चिकटवा, रंगीत केरोसीन सोडा, हवेचा शेवटचा बुडबुडा निघाला की वाचन घ्या. सहाही चेंबरचं.

म्हणून दोन्ही रस्त्यांचे दर लेदवाल्याकडून एकत्र मागवा. पहिल्यात ब्लॉक फेसिंग (माथा उतरवणं), सहा पिस्टनचं डिशकाम, जुन्या रॉडचं रिसायझिंग आणि नवे बोल्ट धरा. दुसऱ्यात पिस्टनची उंची आणि डिश हवी तशी मागवता येते, फेसिंग नावापुरतं होतं. दिसायला मोठी तफावत कागदावर बरीच आटते. स्वतःचा हात बसलेला असेल आणि 91 ऑक्टेन भरायची तयारी असेल तर पहिला. गाडी रोजच्या वापराची आणि 87 वरच चालवायची असेल तर दुसरा.

पुढचं दोन्हींना लागू. 1980 पर्यंतचा 4.2 क्रँक बारा काउंटरवेटचा (तोल सांभाळणाऱ्या वजनांचा), जड. दगडात कमी आरपीएमला गाडी बंद पडू देत नाही. 1981 नंतरचा चार काउंटरवेटचा, हलका. कोणताही घ्या, पुढच्या नाकाची लांबी 4.0 पेक्षा वेगळी असते, तेव्हा पुलीची रेघ जुळवायला स्पेसर किंवा कटिंग लागेल. मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर पायलट बुशही (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक क्रँकमध्ये धरणारा) वेगळा. 2000-01 च्या 0331 नंबरच्या हेडला तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरच्या मध्ये भेगा जातात, आणि मग तेल भरायच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते. असं हेड चुंबकीय तपासणीशिवाय वापरू नका. हेड बोल्ट 110 पाउंड-फूट, फक्त 11 नंबरचा 100 आणि त्याच्या आट्यांना सीलंट. मेन 80, रॉड 33.

24 पाउंडचे (तासाला इतकं इंधन सोडणारे) इंजेक्टर घालताना रेलमधला इंधनाचा दाब बघा. ते माप सहसा 43.5 पीएसआयवर दिलेलं असतं. 1991-95 च्या 39 पीएसआयवर ते 22.7 पाउंडच देतात, 1997 नंतरच्या 49 वर 25.5.

कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) नवा घातला तर त्यावर टेकणारे टॅपेटही नवेच. पहिल्यांदा सुरू झाल्यावर आयडलवर सोडू नका. लगेच 2,000 आरपीएमला न्या आणि 20 मिनिटं तिथंच ठेवा, झिंकवालं तेल घालून. हे चुकलं तर याच वीस मिनिटांत कॅमचे उंचवटे खाल्ले जातात आणि तेलात चांदीसारखी चमक उतरते. आणि मागे डाना 35 असेल, तर इंजिनाच्या बजेटमधूनच एक्सलसाठी पैसे बाजूला काढा. 33 च्या टायरवर तो साध्या 4.0 लाच कसाबसा पुरतो.