नऊ महिने वापरलेला काईट बार: पाचाचे तीन तारे, कारण एक वाइंडर

काईट बार म्हणजे काईटसर्फिंगमध्ये पाण्यावरून ओढणारा मोठा पतंग, काईट, ज्या दांडीने चालवतात ती. तीन महिन्यांनी मी याच बारला पाच तारे दिले होते. आता दोन कापतोय, आणि दोन्ही एकाच गोष्टीचे: बारच्या टोकांना दोरी गुंडाळायला असतात ते घडीचे वाइंडर.

बाकी बार नेहमीसारखाच. चार दोऱ्या, २२ मीटर, ढकललं की सुटून काईटची ओढ तोडणारं क्विक रिलीज, आणि मग एका पुढच्या दोरीवर (सेफ्टी लाइनवर) काईट लोळवणारी सेफ्टी. डावा वाइंडर पहिल्या दिवसापासून लुळा होता. पण किनाऱ्यावर पाय जमिनीवर असतात, हात मोकळे असतात. धरून गुंडाळलं की भागायचं.

मागच्या महिन्यात खोल पाण्यात वारा पडला. किनारा दिसत होता, पण पोहून गाठायचं म्हटलं तर दम निघाला असता. काईट तोंडावर पडला आणि मागची दोरी कितीही ओढली तरी उठेना. दोऱ्या सैल पडल्या. सैल दोरीसारखी वाईट गोष्ट नाही: ती पायांशी घोटाळत राहते आणि वारा परतला की आवळते. एक वेढा घोट्याला बसलाच. पाय झाडले असते तर दुसरा बसला असता. पाय ताठ, स्थिर ठेवून हाताने चाचपत तो सोडवला. लाइन कटर (दोरी कापायची सुरी) हार्नेसवर, म्हणजे कमरेच्या पट्ट्यावर, होता, पण दोरी कापायचं जिवावर आलं (हो, तेव्हासुद्धा पैशांचा विचार आला).

रिलीज ढकललं, एका झटक्यात सुटलं. त्याला पैकीच्या पैकी. २०२० मध्ये रिलीज सिस्टिमसाठी आयएसओ २१८५३ हे मानक आलं. वाइंडरसाठीही एखादं असतं तर! लीशवरच्या (मला काईटशी जोडून ठेवणाऱ्या दोरीवरच्या) दुसऱ्या रिलीजला हात लावला नाही. ते सोडलं की काईट गेला, आणि तिथे काईट हाच तराफा.

रिलीज सुटलं की बार दूर सरकतो, म्हणून मग सेफ्टी लाइन धरत बारपर्यंत. आधी तीच एक दोरी गुंडाळायची, म्हणजे ती बाकी तिघींपेक्षा आखूड राहते आणि काईट परत वारा धरत नाही. आणि वाइंडर? दर तिसऱ्या वेढ्याला आडवा. वेढे निसटले की पुन्हा पहिल्यापासून. दोरी हाताला गुंडाळायची नाही, काईट ताणला तर बोटं जातील. मग वाइंडर धरू कशाने? अंगठ्याने दाबून, शिव्या घालत दहा-बारा वेढे घेतले, अर्ध्या गाठी मारल्या, मग चारही दोऱ्या एकत्र. एवढ्यालाच वीस मिनिटं गेली.

काईटपाशी पोचल्यावर हवा सोडली नाही. किनाऱ्याकडे झुळूक होती. लीडिंग एजवर (काईटच्या पुढच्या कडेच्या हवेच्या नळीवर) आडवा झालो, पलीकडचं टोक ब्रायडल (काईटच्या कडेच्या आखूड दोऱ्या) धरून जवळ ओढलं, तसं कापडाचं शीड झालं. गोगलगाय बरी म्हणावी अशा गतीने सरकलो, पण सरकलो. वारा पूर्ण मेला असता तर वन-पंपचे (लीडिंग एज आणि स्ट्रट, म्हणजे आडव्या नळ्या, एकत्र फुगवणाऱ्या जोडणीचे) क्लिप बंद करून फक्त लीडिंग एजची हवा सोडावी लागली असती, आणि फुगलेल्या स्ट्रटसकट गुंडाळी करून तिच्यावर पालथं पडून हात मारत यावं लागलं असतं.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर: "गुंडाळताना ताण ठेवा." लोळलेल्या काईटला ताण कुठून आणू? दुसरं उत्तर: झिजणारे भाग वॉरंटीत येत नाहीत. अहो, झिजला कुठे, लुळाच जन्मला!

नंतरची भर: वरचं लिहिल्यावर बाजूला बोट ठेवून खोल पाण्यात दोनदा सराव केला. दुसऱ्यांदा तेच गुंडाळणं नऊ मिनिटांत झालं, त्याच लुळ्या वाइंडरसकट. म्हणजे त्या वीस मिनिटांतली निम्मी माझी. गेल्या हंगामात मी हा सराव पाण्यात एकदाही केला नव्हता. बार आणल्यावर किनाऱ्यावर एकदा करून पाहिला, तेवढाच. अर्धा तारा परत, साडेतीन.

उरलेला दीड विक्रेत्याच्या उत्तरांमुळे अडलाय.

सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून वाइंडरच्या बिजागरीत ठासली आहे. फुकटात काम झालं, चार वेळा समुद्रात जाऊन आलो, अजून ताठ उभा आहे. उजवाही आता किंचित डुलायला लागलाय. ट्यूब बरीच शिल्लक आहे.